गाडा आपला, बैल कोणाचा?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या गावच्या चौकात रणगाडा बसवायची चर्चा सुरू आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. बातमी मीच लावली होती, चार ओळींची. खाली कमेंटांचा नुसता पाऊस पडला. कोणाला सेल्फी पॉइंट पाहिजे, कोणाला लायटिंग पाहिजे, एकानं तर तोफेचं तोंड शेजारच्या तालुक्याकडे करा म्हणून सुचवलं. मलाही रणगाडा पाहिजेच आहे. लहानपणी बडनेरा स्टेशनावर मालगाडीच्या उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे पाहिले होते. ताडपत्रीतून फक्त लोखंडी पट्टे दिसत होते. गाडी हलेपर्यंत मी जागचा हललो नव्हतो.

पण परवा मला पाटीच्या मजकुराचा कच्चा कागद पाहायला मिळाला. त्यात लिहिलंय, "संपूर्ण भारतीय बनावटीचा विजयंता रणगाडा, वीर जवानांना समर्पित." दुसऱ्या अर्ध्या वाक्याला माझा नमस्कार. पहिल्या अर्ध्यावर मात्र माझी हरकत आहे, आणि ती देशद्रोही हरकत नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण कमेंटमध्ये काय येणार ते मला ठाऊक आहे.

कागद घेऊन मी आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांकडे गेलो. ते रणगाडा दलातून निवृत्त झालेले, विजयंता चालवलेला माणूस. चष्मा लावून त्यांनी मजकूर वाचला, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, "गाडा चांगलाच होता ना बापू. पण बैल दुखणाईत होता. अन् बैल आपला नव्हता."

या एका वाक्यापायी मी दोन आठवडे पुस्तकं आणि जुने अंक चाळत बसलो. मी काही इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला आहे. पण यात कळण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आपल्या पोरांना कळलं पाहिजे असं मला वाटतं.

सुरुवात सेंच्युरियनपासून करावी लागते, कारण विजयंताचा बाप म्हणा की काका म्हणा, तो ब्रिटिशांचा सेंच्युरियन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांपुढे इंग्रजांचे रणगाडे मार खात होते. १९४३ मध्ये त्यांनी नवा रणगाडा आखायला घेतला. पहिले सहा नमुने मे १९४५ मध्ये बेल्जियमला पोचले तेव्हा युरोपातली लढाई संपली होती. म्हणजे ज्या युद्धासाठी बांधला त्या युद्धात तो लढलाच नाही. नंतर मात्र जगभर लढला. ४,४०० च्या वर बनले.

त्यात खुबी काय होती? आपल्याकडे घर बांधताना स्लॅबवर सळया उभ्या सोडून ठेवतात ना, पुढंमागं पैसे आले तर वर माळा चढवू म्हणून? सेंच्युरियन बनवणाऱ्यांनी तेच केलं. आधी त्यावर ७६ मिलिमीटरची तोफ होती, मग ८४ ची आली, मग १०५ ची. गाडा तोच, बुरुजात जागा ठेवलेली, म्हणून तोफ वाढत गेली. पुढची गरज आज माहीत नसली तरी तिला जागा सोडून ठेवायची, याला मी डिझाइन म्हणतो. रंग आणि चकाकी नंतरची.

हाच सेंच्युरियन घेऊन आपली पूना हॉर्स १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर लढली. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. १६ सप्टेंबर १९६५ ला ते पडले. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात लिहिलंय की त्यांच्या रेजिमेंटनं शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि आपले नऊ गमावले. सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटमध्ये, त्याच जातीच्या रणगाड्यात, पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरला लढला. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) रणगाडा संग्रहालय आहे. शाळेच्या सहली शिर्डी-शनिशिंगणापूर करून परत येतात, तिथं कोणी नेत नाही. ही आमच्या मास्तर मंडळींना नम्र सूचना.

आता विजयंता.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी आपल्या सरकारला वाटलं की रणगाडे बाहेरून आणण्यापेक्षा इथं बनवावेत. विचार अगदी बरोबर होता. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. ऑगस्ट १९६१ मध्ये ब्रिटनच्या विकर्स कंपनीशी करार झाला. विकर्सच्या डोक्यात आधीपासून एक हलका, परदेशी गिऱ्हाइकाला परवडेल असा रणगाडा घोळत होता. ब्रिटिश लष्करासाठी त्याच वेळी चीफ्टन नावाचा ५५ टनांच्या आसपासचा जड रणगाडा तयार होत होता. विकर्सनं हिशेब केला, की चीफ्टनचं इंजिन आणि गिअरबॉक्स घ्यायचा, सेंच्युरियनला बसवतात ती १०५ ची नामांकित तोफ घ्यायची आणि चिलखत पातळ करून वजन ३८-३९ टनांवर आणायचं. १९६३ मध्ये नमुना तयार झाला, चेन्नईजवळ आवडीला कारखाना उभा राहिला, सुरुवातीचे काही रणगाडे विकर्सनंच बांधून दिले, आणि १९६५ च्या अखेरीस आवडीतून पहिला विजयंता बाहेर पडला. सप्टेंबरची लढाई तोवर होऊन गेली होती. पुढं १९८३ पर्यंत सुमारे २,२०० बनले.

हा रणगाडा वाईट होता असं कोणी म्हणू नये. चिलखताची सगळ्यात जाड जागा ८० मिलिमीटर, सेंच्युरियनच्या बुरुजाच्या पुढच्या बाजूला ती १५० च्या वर. पण हे जाणूनबुजून केलेलं होतं. वजन कमी म्हणजे पूल झेपतात, रेल्वेची गाडी झेपते, नाले-ओढे ओलांडता येतात, किंमत कमी पडते. तोफ मात्र त्या काळातली जगातली उत्तम. काका सांगत होते, अंतर मोजायला लेझर-बिझर काही नव्हतं. तोफेला जोडलेली जड मशीनगन होती, तिच्या गोळ्या आधी निशाण्यावर टाकायच्या, त्या लागल्या की त्याच अंतरावर तोफ डागायची. "आपल्याकडे नाही का, विहिरीत आधी गोटा टाकून पाहतात, किती पाणी हाय म्हणून," ते म्हणाले.

बिघाड होता तो बैलात, म्हणजे इंजिनात.

हे लेलँडचं एल-६० इंजिन. आपल्या शेतातल्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरखाली होतो, हे कोणत्याही मेकॅनिकला माहीत आहे. एल-६० मध्ये एका सिलिंडरात समोरासमोर दोन पिस्टन. सहा सिलिंडर, बारा पिस्टन, खालीवर दोन क्रँकशाफ्ट, आणि ते दोन्ही दातेरी चाकांनी जोडलेले. असा उपद्व्याप कशासाठी? तर १९५० च्या दशकात नाटोच्या देशांनी ठरवलं की लष्करी इंजिनं डिझेल, पेट्रोल, रॉकेल, जे मिळेल त्यावर चालली पाहिजेत. युद्धात पुरवठा तुटला तरी गाडा थांबायला नको. कागदावर छान. बाकीचे देश हळूहळू या हट्टातून बाहेर पडले, इंग्रजांनी तो इंजिनाच्या आकारातच ओतून ठेवला होता. चीफ्टनला ते इंजिन ठरलेली ताकद वर्षानुवर्षं देईना. सिलिंडरचे लायनर जायचे, तेल गळायचं. ब्रिटनमध्येच त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मला वेगळं काही सांगायची गरज नाही. विजयंतात तेच इंजिन कमी ताकदीवर, साडेपाचशे अश्वशक्तीच्या आत, बांधून दिलं. त्यामुळं त्रास थोडा कमी झाला. पण थंड इंग्लंडसाठी बनवलेली वस्तू राजस्थानच्या वाळूत नेली की काय होतं, ते मे महिन्यात अकोल्यात दुपारी दोन वाजता स्कूटर चालवणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता नीट लक्ष द्या, माझा मुद्दा इथं आहे.

इंजिन त्रासदायक निघालं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रश्न हा की मग कोणी काय केलं. विकर्सनं हाच रणगाडा पुढं सुधारला, त्याचा मार्क-३ काढला आणि केनिया, नायजेरियाला विकला. त्यात इंजिन कोणतं? अमेरिकन डेट्रॉइट डिझेल. म्हणजे ज्यांनी रणगाडा आखला त्यांनीच ते ब्रिटिश इंजिन काढून टाकलं. इराणचा शहा चीफ्टनचा मोठा गिऱ्हाईक होता, त्याच्या पैशावर ब्रिटननं नवा रणगाडा आणि त्यासाठी नवं १,२०० अश्वशक्तीचं इंजिन विकसित करायला घेतलं. १९७९ मध्ये शहाच पळाला, ऑर्डर बुडाली, तर तोच रणगाडा थोडा बदलून त्यांनी आपल्या सैन्याला चॅलेंजर म्हणून दिला. इस्रायलनं ब्रिटनचे जुने सेंच्युरियन घेतले, त्यातलं पेट्रोल पिणारं इंजिन उपटलं आणि अमेरिकन डिझेल बसवलं. ते रणगाडे पुढं कित्येक वर्षं लढले.

आणि आपण? आपण वर्षानुवर्षं एल-६० वरच विजयंता बनवत राहिलो. इंजिन बदलायचा, त्यात रशियन टी-७२ चं इंजिन बसवायचा विचार झाला, पण फार उशिरा, आणि तो तडीस गेला नाही.

काऊन? मूर्ख होतो म्हणून? अजिबात नाही. आवडीच्या कामगारांच्या हातात तेवढीच ताकद होती. त्याच विजयंताचा सांगाडा लांब करून त्यांनी 'कार्तिक' हा पूल टाकणारा गाडा केला. त्याच सांगाड्यावर रशियन १३० मिलिमीटरची तोफ चढवून 'कॅटापल्ट' केली. हा खरा आपल्या मातीतला जुगाड, आणि उत्तम दर्जाचा. ज्या ज्या ठिकाणी लोखंड कापायचं, वेल्ड करायचं, वजन तोलायचं होतं, तिथं आपण बदल केला. इंजिनाच्या ठिकाणी अडलो, कारण करारात आपल्याला नकाशे मिळाले होते. प्रत्येक माप किती हे नकाशात असतं. ते माप तेवढंच का, हे नकाशात नसतं. ते ज्यानं दहा इंजिनं फोडून पाहिली त्याच्या डोक्यात असतं, आणि डोकं काही कराराबरोबर येत नाही.

कोणी म्हणेल, भाऊ, जुनी मढी कशाला उकरता? तर ऐका. १९७४ मध्ये आपला स्वतःचा रणगाडा, अर्जुन, मंजूर झाला. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, सैन्यात आला. त्याची १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळेनं आखली, चिलखत हैदराबादच्या प्रयोगशाळेचं. दोन्हींबद्दल अभिमान वाटावा असंच काम आहे. इंजिन? १,५०० अश्वशक्तीचं स्वदेशी इंजिन करायचं ठरलं होतं, जमलं नाही, म्हणून जर्मनीचं १,४०० चं घेतलं. २०२१ मध्ये सुधारित अर्जुनची ११८ नगांची ऑर्डर निघाली, तर त्यासाठीच्या जर्मन इंजिनांना उशीर होत असल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. मार्च २०२४ मध्ये म्हैसूरला १,५०० अश्वशक्तीचं आपलं इंजिन चाचणीसाठी पहिल्यांदा धडधडलं. त्या दिवशी मी खरंच खूश झालो, आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी नट-नटीच्या लग्नाची बातमी वर चालली. एका वर्षानं, मार्च २०२५ मध्ये, टी-७२ रणगाड्यांसाठी रशियाकडून १,००० अश्वशक्तीची इंजिनं घ्यायचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. त्यात आवडीला तंत्रज्ञान हस्तांतरण आहे, असं सरकारी पत्रकात लिहिलंय. असू दे, चांगलंच आहे. पण १९६१ मध्येही आपण असंच काहीतरी लिहिलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. विजयंता झाला नसता तर आवडी झालं नसतं, आणि आवडी नसतं तर टी-७२ आणि अर्जुन इथं बनवायला हात कुठून आणले असते? परवान्यावर बनवणं ही शाळा आहे, हे मला मान्य आहे. फक्त पहिलीच्या वर्गात वीस वर्षं बसून आपण पास झालो अशी पाटी लावू नये.

आता याचा अमरावती-अकोल्याशी काय संबंध, असं विचाराल. संरक्षण खात्याची बातमी आपल्या भागात येते ती स्फोटाची. २०१६ ला पुलगावचं दारूगोळा भांडार, २०२५ च्या जानेवारीत भंडारा. गोळा आपल्या विदर्भात भरतात, साठवतात, आपली माणसं त्यात जातात. पण गोळा कसा असावा, गाडा कसा असावा, हे ठरवणाऱ्या टेबलावर आपला पोरगा किती वेळा बसतो? अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी १९६४ चं, म्हणजे विजयंताच्याच वयाचं. बडनेरा आणि शेगावची कॉलेजं १९८३ ची, ज्या साली विजयंताचं उत्पादन थांबलं. या कॉलेजांतून हजारो मेकॅनिकलवाले निघाले, पुण्याला गेले, कोणी आता बँकेत आहेत, कोणी एमपीएससीच्या चौथ्या वर्षाला. त्यांच्यापैकी एका पोराला मी मुद्दाम विचारलं, कॉलेजात इंजिन खोललं होतं का? तो म्हणाला, "दादा, एक होतं, पण त्याले हात लावू देत नव्हते. कट-सेक्शनचा चार्ट होता भिंतीवर." कॉलेजचं नाव सांगत नाही. तुमच्याकडेही तसंच असेल.

आपल्याला जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नका. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल काढली. मोठी मिल अकोल्यात आधीपासून होतीच, गावात बसेल, बचत गटाच्या बायांना चालवता येईल अशी लहान मिल पाहिजे होती. ती इथंच आखली, इथल्याच तुरीवर चालवून पाहिली, दाणा फुटला तर का फुटला हे इथंच शोधलं. आज एमआयडीसीतला एखादा वर्कशॉपवाला तुम्हाला सांगतो की या रोलरचा एवढा भाग बदला, तुमची तूर ओली आहे. हे सांगता येतं त्याअर्थी ती मशीन त्याची आहे. मूर्तिजापूरची शकुंतला आठवा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन आपल्या फिटर लोकांनी १९९४ पर्यंत ओढून नेलं. बैल इंग्रजाचाच होता, पण त्याची नस न नस माहीत असलेली माणसं मूर्तिजापूरच्या शेडमध्ये होती. रणगाडा म्हणजे डाळ मिल नव्हे, हे मलाही समजतं. पण का फुटलं, हे विचारायची सवय दोन्हीकडे एकच लागते.

तर माझ्या मागण्या तीन नाहीत, पाच नाहीत, दोनच आहेत. रणगाडा बसवताना मागचं इंजिनाचं झाकण वेल्ड करून कायमचं बंद करू नका. आतलं इंजिन मिळत असेल तर त्यासकट मागा. जाळी लावा, पोरांना वाकून पाहू द्या. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गाला वर्षातून एक दिवस ते खोलू द्या. सुभेदार काका यायला तयार आहेत. "गुडघे दुखतात, पण त्या इंजिनापाशी माह्या हात अजून आपोआप जातो," असं म्हणाले.

आणि पाटीचा मजकूर बदला. काकांनी आणि मी मिळून कच्चा मसुदा केलाय, तो असा: "विजयंता. आराखडा विकर्स, इंग्लंड. करार १९६१. बांधणी आवडी, तामिळनाडू. तोफ १०५ मिलिमीटर, वजन सुमारे ३९ टन. इंजिन लेलँड एल-६०, ब्रिटिश. १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्यात. याच्या सांगाड्यावर भारतीय अभियंत्यांनी कार्तिक आणि कॅटापल्ट बनवले. वीर जवानांना आणि कामगारांना समर्पित."

मसुदा सोमवारी नेऊन दिला. साहेबांनी वाचला, म्हणाले, एवढं कोण वाचतं हो, आणि पेंटर ओळीवर पैसे घेतो. मी म्हटलं, वरच्या चार ओळींचे मी देतो. काका म्हणाले, कामगारांच्या ओळीचे त्यांचे. उरलेल्या ओळी कोण घेतं, ते कमेंटमध्ये सांगा.